प्रतिमा, पूर्वग्रह आणि आत्मप्रतिमा : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचा उगम

सन २०१२ च्या ऑगस्ट महिन्यात पुणे रेल्वे स्थानकावर आसाम, मणिपूर, नागालँड, मिझोराम इत्यादी राज्यांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेले तरुण-तरुणी हजारोंच्या संख्येने पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी गर्दी करून उभे होते. त्यापूर्वीच्या जुलै महिन्यात आसामातील कोक्राझार व लगतच्या जिल्ह्यांत बोडो आणि बंगाली भाषक मुसलमान ह्यांच्यात भीषण दंगली उसळल्या होत्या. त्या दंगलींची म्हणून काही छायाचित्रे व चित्रफिती मोबाइलवरून देशभर फिरू लागल्या. त्यांपैकी कित्येक अन्य देशांतील घटनांच्या वा बनावट होत्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात ईशान्येकडील काही तरुणांना मारहाण झाली. आणि पाठोपाठ, रमजान संपताच सर्वत्र हल्ले होणार, अशी अफवा लघुसंदेशांतून पसरली. बंगळूर, हैदराबाद, चेन्नई ह्या शहरांतही हाच प्रकार घडला. अखेरीस १७ ऑगस्ट रोजी केंद्र शासनाला पंधरा दिवसांसाठी एका वेळी पाचांहून अधिक लघुसंदेश पाठविण्यास मनाई करावी लागली.

ह्या घटनेतील एक गोष्ट अभ्यासकाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पुण्यात ज्यांना मारहाण झाली त्यांत मणिपूरचे तरुण होते. मणिपूरचा मैतेई अथवा नागा तरुण आणि कोक्राझारचा बोडो ह्यांची भाषा भिन्न, इतिहास भिन्न. दोहोंच्या गावांमध्ये शेकडो मैलांचे अंतर. त्याच सप्ताहात म्हैसूर येथे एका तिबेटी विद्यार्थ्यावर सुरीने वार झाला, तोही ईशान्येकडील समजून. म्हणजे हल्लेखोरांच्या दृष्टीने भाषा, धर्म, प्रांत, फार काय राष्ट्र, ह्यांपैकी कशालाही अर्थ उरला नव्हता. उरला होता तो केवळ चेहरा. आणि त्या चेहऱ्याला चिकटविलेला अर्थ ह्या शहरातील कोणत्याही अनुभवातून आलेला नव्हता. तो हातातील पडद्यावरून आला होता.

माणसाकडे पाहण्याआधीच त्याचे चित्र आपल्या मनात तयार असते ते कसे, प्रत्यक्ष सहवासानेही ते पुसले का जात नाही, आणि ज्याचे ते चित्र असते त्याच्या स्वतःविषयीच्या कल्पनेवर त्याचा काय परिणाम होतो, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा औद्योगिक पट्टा हा संदर्भ घेतला आहे. कारण इतक्या प्रांतांची व देशांची माणसे एकाच यंत्रशाळेत आणणारे दुसरे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

२. 'वंश' ह्या संज्ञेविषयी

प्रथम संज्ञेचा खुलासा करणे इष्ट होईल. मानवजातीचे जीवशास्त्रीयदृष्ट्या पृथक् असे श्रेष्ठ-कनिष्ठ वंश आहेत, हा सिद्धान्त शास्त्राने टाकून दिला आहे. युनेस्कोने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात हाच निर्वाळा देण्यात आला होता. ह्या प्रश्नाशी पुण्याच्या विद्वत्परंपरेचाही निकटचा संबंध आहे. डॉ. इरावती कर्वे ह्यांनी डेक्कन कॉलेजात येण्यापूर्वी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, बर्लिन येथे ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला. कवटीची घडण व वंशाची श्रेष्ठता ह्यांचा संबंध जोडू पाहणाऱ्या त्या संस्थेतील गृहीताला त्यांच्या मोजमापांनी दुजोरा दिला नाही. ज्या गुरूची मते पुढे नाझी राजवटीला उपयोगी पडली, त्याच्याच प्रयोगशाळेत एका मराठी विद्यार्थिनीने काढलेला हा निष्कर्ष होता.

परंतु शास्त्राने एखादी कल्पना त्याज्य ठरविली म्हणून ती समाजातून नाहीशी होत नाही. वंश हे जीवशास्त्रीय सत्य नसले तरी सामाजिक सत्य आहे. कारण रंग, नाक-डोळ्यांची ठेवण, बोलण्याची ढब ह्या खुणांवरून माणसाची पात्रता ठरविण्याची रीत अस्तित्वात आहे. आपल्याकडे ही रीत जातिव्यवस्थेत मिसळून गेलेली आहे. जाती म्हणजे वंशभेद नव्हे, ती एकाच वंशातील लोकांची सामाजिक विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ह्या ग्रंथात साधार प्रतिपादन केले. ते स्वीकारूनही असे म्हणता येते की, जात ओळखण्याच्या लौकिक व्यवहारात काळा-गोरा हा वर्णभेद आणि 'तोंडावळा' ह्यांचा उपयोग सर्रास केला जातो. म्हणून ह्या लेखात 'वांशिक वृत्ती' हा शब्दप्रयोग 'शरीराच्या दृश्य खुणांवरून माणसाचे मोल ठरविण्याची वृत्ती' ह्या मर्यादित अर्थाने केला आहे.

३. चित्र आधी, माणूस नंतर

वॉल्टर लिपमन ह्या अमेरिकन वृत्तपत्रकाराने १९२२ साली 'पब्लिक ओपिनियन' ह्या ग्रंथात छापखान्यातील एक शब्द समाजशास्त्राला दिला. जुळविलेल्या अक्षरांचा पत्रा एकदा ओतून तयार झाला की त्यातून तीच प्रत पुनःपुन्हा निघते. त्याचप्रमाणे मनातही साचे ओतलेले असतात, आणि आपण आधी पाहून मग व्याख्या करीत नाही, आधी व्याख्या करून मग पाहतो, हा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ. हे साचे घडविण्याचे कार्य प्रसारमाध्यमे तीन रीतींनी करतात.

पहिली रीत वगळण्याची. मराठी वाचकाला ईशान्य भारत भेटतो तो बहुधा महापूर, भूकंप वा बंडखोरी ह्यांच्या बातमीत. इंफाळचा शिक्षक, आयझॉलचा दुकानदार, दिमापूरची परिचारिका ही माणसे आपल्या कथा-चित्रपटांत जवळजवळ नसतातच. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही, त्याच्याविषयीची पहिलीच बातमी दंगलीची असली, तर तिला तोलून पाहण्यास मनात दुसरे काही नसते. २०१२ मध्ये अफवेला इतके बळ मिळाले ते ह्या पोकळीमुळे. पोकळीचे दुसरे उदाहरण २०१४ च्या 'मेरी कोम' ह्या हिंदी चित्रपटाचे. मणिपूरच्या मुष्टियोद्धीची ती जीवनकथा. परंतु भूमिका प्रियांका चोप्रा ह्या अभिनेत्रीला देण्यात आली. मेरी कोमचे कर्तृत्व पडद्यावर आले, तिचा चेहरा मात्र आला नाही.

दुसरी रीत ठराविक स्थान नेमून देण्याची. हिची प्रचीती मराठी माणसाला स्वतःच्या अनुभवातून येण्यासारखी आहे. हिंदी चित्रपटांत मराठी स्त्री बहुधा मोलकरीण असे, मराठी पुरुष हवालदार अथवा घरगडी. लक्ष्मीकांत बेर्डे हे मराठी रंगभूमीचे व चित्रपटाचे अत्यंत लोकप्रिय नायक. परंतु 'मैंने प्यार किया' (१९८९) आणि 'हम आपके हैं कौन' (१९९४) ह्या हिंदी चित्रपटांत त्यांच्या वाट्याला नोकराचीच भूमिका आली. ह्याविषयी मराठी प्रेक्षकाने वेळोवेळी खंत व्यक्त केली आहे व ती रास्तही आहे. परंतु आपल्याच विनोदी नाटक-चित्रपटांतील 'भैया' हे पात्र, म्हणजे दूध घालणारा, पहारा करणारा, हेल काढून बोलणारा आणि सहज फसणारा उत्तर भारतीय, हेही त्याच साच्यातून निघालेले आहे, ह्याची जाणीव आपल्याला तितकीशी झालेली दिसत नाही. ज्या साच्याचा जाच आपल्याला होतो, तोच साचा आपण दुसऱ्यावर वापरतो. कारण साचा वापरणाऱ्याला तो दिसत नाही.

तिसरी रीत पुनरावृत्तीची. एका विनोदाने, एका जाहिरातीने कोणाचे मत बनत नाही. तथापि तेच चित्र वर्षानुवर्षे, निरनिराळ्या मुखांतून येत राहिले, म्हणजे ते मत न राहता वस्तुस्थिती वाटू लागते. जॉर्ज गर्बनर ह्या संशोधकाने दूरचित्रवाणीच्या दीर्घकालीन परिणामाला शेतीतील मशागतीची उपमा देणारे नाव दिले, ते ह्याच अर्थाने. नांगराचा एक फेर जमिनीचे रूप पालटीत नाही. अनेक हंगामांची मशागत पालटते.

४. सहवास असूनही पूर्वग्रह का टिकतो ?

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याने परका माणूस कधी पाहिलाच नाही, त्याच्यावर चित्राचा पगडा बसेल हे खरे. परंतु जेथे निरनिराळ्या प्रांतांचे लोक रोज खांद्याला खांदा लावून काम करतात, तेथे अनुभवाने चित्र खोटे ठरावयास नको काय? औद्योगिक पट्टा हे ह्या आक्षेपाचे उत्तम परीक्षास्थान होय.

ह्या पट्ट्याची घडणच स्थलांतरितांच्या हातून झालेली आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीत वसली. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी ह्या गावांच्या शेतजमिनींवर यंत्रशाळा उभ्या राहिल्या. कोकण, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, केरळ व तामिळनाडू येथून कामगार आले. त्यानंतर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, आसाम येथून. १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या ह्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांच्या वर गेली. चाकण परिसरात २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ ह्या जर्मन कंपन्यांचे कारखाने सुरू झाले, आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी ह्या गावांत खोल्या-खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या.

इतका सहवास असूनही फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनानंतर नाशिक व पुणे येथून उत्तर भारतीय कामगार मोठ्या संख्येने निघून गेले, आणि चार वर्षांनी ईशान्येकडील तरुणांवर तीच पाळी आली. ह्याचे स्पष्टीकरण गॉर्डन ऑलपोर्ट ह्या मानसशास्त्रज्ञाच्या १९५४ च्या 'द नेचर ऑफ प्रेज्युडिस' ह्या ग्रंथात सापडते. केवळ सान्निध्याने पूर्वग्रह कमी होत नाही, असे त्याचे म्हणणे. दोन्ही गटांचा दर्जा समान असावा, ध्येय एक असावे, ते साधण्यासाठी परस्परसहकार्य लागावे आणि संस्थेचा व अधिकाऱ्यांचा त्या संबंधांना पाठिंबा असावा, ह्या चार अटी त्याने सांगितल्या. पुढे पेटिग्रू व ट्रॉप ह्यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा असे दिसले की संपर्काने पूर्वग्रह सामान्यतः कमी होतो. आणि ह्या अटी पाळल्या गेल्या असता तो अधिक कमी होतो.

आता ह्या अटी यंत्रशाळेला लावून पाहाव्यात. ध्येय एक आहे, सहकार्यही आहे, त्यावाचून जोडणीची साखळी क्षणभरही चालणार नाही. परंतु समान दर्जा नाही. एकाच यंत्रापुढे कायम कामगार, कंत्राटी कामगार व शिकाऊ उमेदवार उभे असतात. त्यांचे काम पुष्कळदा सारखे असते; वेतन, गणवेश, उपाहारगृहातील सोयी व नोकरीची शाश्वती सारखी नसते. दूरच्या प्रांतांतून ठेकेदारामार्फत आलेला तरुण बहुधा कंत्राटी असतो. अशा स्थितीत दर्जाचा भेद व प्रांताचा भेद एकमेकांवर पडतात, आणि 'हा कंत्राटी आहे म्हणून ह्याला कमी मिळते' ह्या वाक्याच्या जागी 'ही माणसे कमीत राहणारीच आहेत' हे वाक्य सहज येऊन बसते. पहिले वाक्य व्यवस्थेविषयी आहे, दुसरे स्वभावाविषयी. ह्या बदलासाठी लागणारे तयार साहित्य माध्यमांतील साचा पुरवितो. विषम सहवास चित्र पुसत नाही, उलट त्याला रोजचा पुरावा देतो.

ह्याच पट्ट्यात एक तुलना अभ्यासकाची वाट पाहत आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव येथील जपानी व कोरियन कंपन्यांमुळे त्या देशांचे अभियंते व व्यवस्थापक ह्या भागात वावरतात. परक्या नजरेला त्यांची चेहरेपट्टी आणि ईशान्येकडील कामगाराची चेहरेपट्टी ह्यांत फारसा भेद जाणवणार नाही. मग दोघांना एकाच रस्त्यावर, एकाच दुकानात सारखीच वागणूक मिळते काय ? ती भिन्न आढळली, तर पूर्वग्रहाचे मूळ चेहऱ्यात नसून त्या चेहऱ्याला जोडलेल्या दर्जात व चित्रात आहे, हे प्रत्यक्ष पुराव्याने दाखविता येईल.

५. आरशातील माणूस

आतापर्यंत पाहणाऱ्याचा विचार झाला. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याचा विचार अधिक नाजूक आहे. इतरांच्या नजरेच्या आरशात पाहूनच माणूस 'मी कोण' हे ठरवितो, असे चार्ल्स कूली ह्याने १९०२ साली म्हटले. हा आरसाच वाकडा असेल तर काय होईल, ह्याचे उत्तर केनेथ व मेमी क्लार्क ह्या दांपत्याने अमेरिकेतील निग्रो मुलांवर केलेल्या प्रयोगांत मिळते. तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ मुलांपुढे त्यांनी केवळ रंगाने भिन्न असलेल्या बाहुल्या ठेवल्या. सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली निवडली. 'तुझ्यासारखी कोणती' असे विचारल्यावर त्यांतील काही मुले कावरीबावरी झाली वा रडू लागली. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ह्या संशोधनाचा आधार घेतला. बाहुलीची निवड म्हणजेच आत्मसन्मानाचा अभाव असे सरळ समीकरण मांडता येत नाही, अशी टीका पुढे झाली व ती ग्राह्य आहे. परंतु इतक्या कोवळ्या वयात मुलांना रंगांची उतरंड ठाऊक झालेली असते, हे निरीक्षण अबाधित राहते.

आपल्याकडे ही उतरंड शिकविण्याचे काम वधूवरांच्या जाहिरातींनी आणि रंग उजळविणाऱ्या प्रसाधनांनी केले. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' ह्या मलमाच्या जाहिरातींचा कथाभाग वाचकांच्या परिचयाचा आहे : सावळ्या मुलीला नोकरी वा स्थळ मिळत नाही, मलम लावताच दोन्ही मिळतात. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने ह्याविरुद्ध तक्रार केली. २०१४ मध्ये जाहिरात-व्यवसायाच्या नियमन परिषदेने, सावळ्या वर्णाची माणसे दुःखी वा अपयशी दाखवू नयेत असा दंडक घातला. २०२० मध्ये त्या मलमाचे नावही बदलले. तरी जाहिरातीने जो कार्यकारणभाव शिकविला, तो नावाबरोबर जात नाही. येथे विकली जाणारी खरी वस्तू मलम नसून उणेपणाची जाणीव ही आहे. आणि कारखान्याच्या दाराशी मुलाखतीसाठी उभ्या असलेल्या, बीड वा धाराशिवहून आलेल्या सावळ्या मुलाला निवड न होण्याचे कारण आपल्या चेहऱ्यात शोधण्याची सवय त्यामुळे लागते.

ह्या मनःस्थितीचे अत्यंत सूक्ष्म चित्रण नागराज मंजुळे ह्यांच्या 'फँड्री' (२०१३) ह्या चित्रपटात आहे. कैकाडी समाजातील सावळा जब्या वर्गातील उजळ वर्णाच्या, वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम करतो, आणि तिचे मन वळावे म्हणून काळ्या चिमणीच्या राखेचा शोध घेत रानोमाळ फिरतो. डुकरे धरण्याचे घरचे काम त्या मुलीने पाहू नये, ह्यासाठी तो लपत राहतो. दुसऱ्याच्या नजरेने स्वतःकडे पाहणे म्हणजे काय, हे त्या लपण्यात दिसते. अखेरीस त्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या, दिशेने येतो. इतका वेळ पाहणारा प्रेक्षक तेथे प्रथमच पाहिला जातो.

६. स्वतःचे चित्र स्वतः काढणे

माध्यमांच्या ह्या सामर्थ्यापुढे माणूस सर्वस्वी हतबल असतो, असा ह्या विवेचनाचा अर्थ नव्हे. महाराष्ट्राचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. स्वतःच्या समाजाकडे पाहण्यासाठी त्यांनी जगाच्या दुसऱ्या टोकाचा आरसा वापरला. १८७७ मध्ये पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' पत्र काढले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईत चालविले, आणि त्यांनीच गिरणीकामगारांची पहिली संघटना उभारली. कामगारांचा लढा आणि कामगारांचे वृत्तपत्र ह्यांचा उगम अशा रीतीने एकत्र झालेला आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, ह्या नावातच प्रतिनिधित्वाचा सर्व प्रश्न सामावलेला आहे. १९७२ मधील दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर ह्या संघटनेवरून घेतले. ह्या सर्व प्रयत्नांचा गाभा एकच होता : आपले वर्णन करण्याचा अधिकार आपल्या हाती घेणे.

तथापि नव्या चित्रालाही मर्यादा आहे. 'सैराट'मधील (२०१६) रिंकू राजगुरू ह्या सावळ्या नायिकेला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, म्हणून वधूवरांच्या जाहिरातींतून 'गोरी' हा शब्द गेला नाही. पडद्यावरील बदल टिकण्यास त्याला दर्जातील बदलाची जोड लागते. त्याचप्रमाणे सहवासातून पूर्वग्रह ओसरण्यासही तीच जोड लागते, हे मागे आपण पाहिलेच आहे.

७. अभ्यासाच्या दिशा

दिल्लीत निडो तानिया ह्या अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीनंतर जानेवारी २०१४ मध्ये मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्यातील सुधारणांबरोबरच, ईशान्येचा इतिहास व संस्कृती अभ्यासक्रमात यावी अशी शिफारस केली. तरीही मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात त्याच चेहऱ्यांना रोगाचे नाव देऊन हिणविण्यात आले, आणि केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना सूचनापत्र पाठवावे लागले. २०१२ चे चित्र पुसले गेले नव्हते, त्याखालील मजकूर तेवढा बदलला होता.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्या पट्ट्यात हाती घेता येण्याजोगी तीन कामे सुचवावीशी वाटतात. मराठी वृत्तपत्रांच्या पुणे आवृत्त्यांत परप्रांतीय कामगाराचा उल्लेख कोणत्या पानावर, कोणत्या क्रियापदाबरोबर होतो, ह्याची दहा वर्षांची मोजणी करावी. एकाच यंत्रशाळेतील समदर्जाच्या व विषमदर्जाच्या जोड्यांत परस्परांविषयीची मते कितपत भिन्न असतात, हे तपासावे. आणि चाळींतील कामगार मोबाइलवर भोजपुरी, असमिया, ओडिया भाषांत स्वतःची जी चित्रे आपल्या गावी पाठवितात, त्यांत ते स्वतःला कोणत्या रूपात दाखवितात, हे त्यांच्या संमतीने पाहावे. गणवेश घातलेला, यंत्रापुढे उभा राहिलेला, ताठ मानेचा तरुण हे चित्र त्यांच्या गावी पोहोचते. आपल्या शहराला ते अद्याप दिसलेले नाही. ह्यांतील दुसऱ्या कामाचा उपयोग केवळ ज्ञानवृद्धीपुरता नाही. दर्जा समान केला असता साचा ढिला पडतो असे येथे सिद्ध झाले, तर पुढील अफवेच्या वेळी स्थानकावर गर्दी होऊ नये ह्यासाठी काय करावयाचे, हे कारखान्यांच्या व्यवस्थापनाला व कामगार संघटनांना आधीच सांगता येईल.